अक्कांनी वाचवलेलं तळं

"आधी बघ. नाव नंतर."

हे म्हणताना अक्का समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या. धरायच्या नाहीत, नुसती ठेवायच्या. पण त्या बोटांखालून हात पुढं सरकवायची हिंमत मी कुणात पाहिली नाही. एखादी मुलगी बागेतून काही पकडून आणायची आणि उत्साहानं म्हणायची, "मिस, हा सरडा!" की अक्कांची बोटं तिच्या मनगटावर. "सरडा आहे हे त्याला ठाऊक नाही. तू काय पाहिलंस ते सांग." मुलगी गप्प. कारण तिनं नाव सोडून काहीच पाहिलेलं नसायचं. आपण बहुतेक सगळे तसेच असतो, नाही का? माणसांच्या बाबतीतही.

मी सांगलीची. लग्नानंतर नवऱ्याची नोकरी बंगलोरच्या एका कारखान्यात होती म्हणून इकडं आले आणि मुलींच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर झाले. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. विभाग म्हणजे आम्ही दोघीच. अक्का प्रमुख, आणि मी त्यांच्या हाताखाली. विभागप्रमुख मराठी आहेत हे कळल्यावर मला परदेशात गाववाला भेटल्यासारखं झालं होतं. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "मॅडम, चहा घेणार?"

"बेड," त्या म्हणाल्या.

मी घाबरले. "बरं वाटत नाही का? इथं खाट कुठं मिळेल?"

अक्कांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं, आणि मग इतक्या हसल्या की शेजारच्या वर्गातली बाई दारात येऊन उभी राहिली. 'बेड' म्हणजे कानडीत 'नको'. त्यानंतर कितीतरी महिने, मी कंटाळलेली दिसले की त्या म्हणायच्या, "काय गं, खाट मागवू?"

त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडं आलं आणि इथलंच झालं. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कानडी असं मुरलं होतं की कुठलं कुठं संपतं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वल्प थांब," "सरी, जाऊया," "साकू, बास झालं आता." माझ्या सांगलीकडच्या मराठीला त्या पेशव्यांची भाषा म्हणायच्या. मॅडम म्हणू नकोस, अक्का म्हण, हेही त्यांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं. त्या राहायच्या तो बसवनगुडीतला सगळा रस्ता त्यांना अक्काच म्हणायचा, भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत.

त्यांचं लग्न झालेलं होतं. नवरा कुठंतरी होता. कॉलेजला एवढंच माहीत होतं आणि पुढचं विचारायची कुणाची छाती नव्हती. आईवडील लवकर गेले, धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं. शहराच्या विस्ताराचं काम बघणाऱ्या कचेरीत तो मोठा अधिकारी होता. बाहेर सगळे त्याला अण्णा म्हणायचे. कानाजवळ केस पिकलेला, सूटबूट घालणारा, ज्याच्या एका सहीनं शेतांचे रस्ते व्हायचे असा माणूस. आणि घरात अक्का त्याला हाक मारायच्या, "पुट्टा!" पुट्टा म्हणजे बाळ. जीपच्या ड्रायव्हरसमोर, शिपायांसमोर. अण्णा कानकोंडा व्हायचा, पण ओ द्यायचा.

अक्का मऊ नव्हत्या, हे आत्ताच सांगून टाकते. त्यांच्याविषयी नंतर लोक जे बोलू लागले त्यात त्यांना अगदी करुणेची मूर्ती करून टाकलं. तसं काही नव्हतं. आमच्याकडं दर आठवड्याला बेडूकवाला ओलं पोतं घेऊन यायचा, आणि मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून आमच्या मुली बेडूक फाडायच्या. एकदा एक मुलगी रडायला लागली. अक्का तिच्याजवळ गेल्या. मला वाटलं, पाठीवरून हात फिरवतील.

"हे पोत्यानं मिळतात," त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी रडू नको. जे संपत आलंय त्याच्यासाठी रड. आणि आता हृदय दाखव मला."

कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी लागणारं डबक्यातलं पाणी आणायला आम्ही दोघी शहराच्या दक्षिणेला जायचो. बनशंकरीच्या देवळाकडं जाणारा रस्ता तेव्हा शेतांमधून जायचा. रागीची शेतं, पेरूच्या बागा, मधूनच एखादं तळं. अशाच एका लहानशा तळ्याला हुणसेकट्टे म्हणायचे. हुणसे म्हणजे चिंच. बांधावर जुनी चिंचेची झाडं होती, एका अंगाला सोडून दिलेली सुपारीची बाग होती, आणि तिच्यात कुण्या हौशी मालकानं मलनाडातून, पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यातून, आणून लावलेली कॉफीची आणि वेलदोड्याची झुडपं माजली होती. पाण्यावर ओठंगलेल्या त्या गर्द सावलीत दिवसाही थंड वाटायचं.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. मी बाटल्या भरत होते. अक्कांनी एकदम बोट वर केलं.

"ऐकलंस?"

मला साधा डरावडराव ऐकू येत होता. तसं म्हटलं.

"तो नाही. त्याच्या वर. झाडात."

मग ऐकू आलं. कुणीतरी कंगव्याच्या दातांवरून नख हळूच ओढावं तसा आवाज. टर्र... आणि थांबून, टक्, टक्. अक्कांनी पर्समधून खरोखरच कंगवा काढला, शिंगाचा, आणि त्यावर नख ओढलं. झुडपातून उत्तर आलं. दुसऱ्या झुडपातूनही आलं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून मी नजर वळवली. इतका उघडा आनंद दुसऱ्याचा असला की बघवत नाही.

तो बेडूक अंगठ्याच्या अर्ध्या पेराहून थोडा मोठा असेल. कोवळ्या पानाच्या हिरव्या रंगाचा, दोन्ही कुशींना हळदीची रेघ ओढावी तशी पट्टी, आणि पाय ताणला की बोटांमधली पडदी शेंदरी. पानावर पाय दुमडून बसला की दिसायचाच नाही. अक्का म्हणाल्या, असला बेडूक पश्चिमेच्या डोंगरांतून फार वर्षांपूर्वी कुणीतरी नेला होता, आणि त्यानंतर कुणी पाहिल्याचं त्यांच्या वाचनात नव्हतं. हा तोच की त्याचा कुणी भाऊबंद, ते ठाऊक नाही. कॉफीच्या रोपांबरोबर आला, की पहिल्यापासून इथंच होता, तेही ठाऊक नाही.

"म्हणजे हा नवा शोध आहे?" मी विचारलं.

मनगटावर दोन बोटं. "आधी बघ."

आम्ही बघितलं. तो सगळा पावसाळा आणि त्याच्या पुढचाही. माझा नवरा वैतागायचा, सासूबाई म्हणायच्या की हिला बेडकानं पछाडलंय. पण एक पहाट मी कधी विसरणार नाही. उजाडत होतं, चिंचेवरून थेंब ठिबकत होते. पाण्यावर वाकलेल्या कॉफीच्या पानावर एक मादी होती. तिनं अंडी घातली होती, नर केव्हाच निघून गेला होता. आणि ती मागच्या दोन पायांनी पानाच्या कडा ओढून जवळ आणत होती. एक कड, मग दुसरी. सुटायच्या, पुन्हा ओढायची. अंड्यांभोवतीच्या चिकट स्रावानं कडा हळूहळू एकमेकींना धरू लागल्या आणि पानाची पुरचुंडी झाली. आत अंडी, ओली आणि झाकलेली. कड उघडी राहिली असती तर उन्हानं वाळली असती. काही दिवसांनी पिल्लं वळवळून खालून सुटतात आणि टप्पकन पाण्यात पडतात. तेही आम्ही पाहिलं.

"एकटीनं केलं सगळं," मी म्हणाले. माझ्या मनात काय आलं होतं ते अक्कांना कळलं असणार, कारण त्या झटकन म्हणाल्या, "बेडकीला माणसाच्या गोष्टी चिकटवू नको. ती पान दुमडते. बस्स." आणि मग कितीतरी वेळानं, घरी परतताना, बसमध्ये, खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "पण काय सुरेख दुमडलं गं."

शहराच्या दक्षिणेला जयनगर ही नवी वसाहत तेव्हा वसत होती. तुम्ही त्या वेळचं जयनगर पाहिलेलं नसेल तर सांगते, ते आधी दगडांच्या रूपानं आलं. शेतात मधेच चुन्यानं रंगवलेले दगड उभे राहायचे, मग दोरीनं आखलेल्या पांढऱ्या रेघा, मग मातीच्या बैलगाड्या. एका उन्हाळ्यात आम्ही हुणसेकट्ट्यावर गेलो तेव्हा बांधाच्या अलीकडं तसा एक दगड उभा होता.

त्या संध्याकाळी मी अक्कांच्या घरी होते. अण्णा ऑफिसातून येऊन कॉफी पीत होता.

"पुट्टा, हुणसेकट्ट्याचं काय करणार आहात?"

"बुजवणार. डास होतात. वरून रस्ता जाईल आणि दोन्ही बाजूंना घरं."

"बुजवायचं नाही."

अण्णा हसला. "अक्का, एका बेडकासाठी रस्ता वळवू?"

"एक नाही. शंभर असतील. आणि कदाचित जगात तेवढेच असतील."

"मग त्यांना लालबागेच्या तळ्यात नेऊन सोड की."

अक्कांनी कप खाली ठेवला. त्यांनी त्याला सगळं समजावलं. सावली, वाकलेली पानं, खाली पाणी पाहिजे, असं पाणी की ज्यात मासे नाहीत. अर्धा तास बोलल्या असतील. आणि मी पाहत होते, अण्णा ऐकत होता. तो वाईट माणूस नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. या गोष्टीत वाईट माणूस कुणीच नाही. म्हणून तर मला अजून राग कुणावर काढावा ते कळत नाही.

शेवटी तो म्हणाला, "अक्का, तू माझी बहीण. तुझ्या शब्दावर नकाशा बदलला तर लोक मला खातील. कुणीतरी मोठा माणूस पाहिजे. ज्याचं नाव ऐकून वरचे लोक गप्प बसतील असा. त्यानं नुसतं म्हणू दे की हे तळं महत्त्वाचं आहे. मी रस्ता वळवतो, बाग करतो तिथं. वचन देतो."

अक्कांनी कलकत्त्याच्या एका विद्वानांना लिहिलं. बेडकांविषयी त्या काळी आपल्याकडं त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांचं नाव मी घेत नाही. आम्ही त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचो. त्यांचं लगेच उत्तर आलं: पावसाळ्यात स्वतः येतो. अक्का त्या दिवशी वर्गात दोनदा हसल्या. मुली घाबरल्या.

डॉक्टरसाहेब आले. बरोबर त्यांचे दोन मदतनीस आणि लाकडी पेट्या. फार गोड माणूस. अक्कांशी असे बोलले, जसं त्यांच्याशी कुणी कधीच बोललं नव्हतं, बरोबरीनं. त्या दोन पावसाळ्यांत अक्कांनी काय काय पाहिलं ते त्यांनी एकेक करून विचारलं, आणि अक्का लाजत, अडखळत, मग रंगात येऊन सांगत गेल्या. पानाची पुरचुंडी त्यांनी आधी मानलीच नाही. अक्कांनी नेऊन दाखवली. ते गुडघ्यावर बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले, "आयुष्यभर पुस्तकं वाचून मला हे ठाऊक नव्हतं." अक्कांचे डोळे भरून आले. मी त्यांचे डोळे भरलेले तेवढेच पाहिले. नंतर कधी नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पाऊस उघडल्यावर, त्यांनी गोळा करायला सुरुवात केली.

त्या काळी तशीच रीत होती. नमुना बाटलीत आल्याशिवाय प्राणी खरा नव्हे. दोनचार नेतील हे आम्ही धरूनच चाललो होतो. पण दोनचारांवर ते थांबले नाहीत. मदतनीस तरबेज होते. आवाजाच्या मागावर झुडपात शिरायचे आणि हात बाहेर आला की मुठीत बेडूक. पिशव्या फुगू लागल्या. पानांच्या पुरचुंड्याही डहाळीसकट छाटून घेतल्या.

अक्का पुढं झाल्या. "सर, स्वल्प... थोडे ठेवायला हवेत ना?"

डॉक्टरसाहेब अगदी आपुलकीनं म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहिलंत की हे तळं बुजणार आहे. पुढच्या उन्हाळ्यात इथं माती पडेल. मी शब्द टाकीन, पण सरकार ऐकेलच असं नाही. मग काय उरेल? नर, माद्या, लहान, मोठे, सगळ्या वयांचे नमुने असले तर निदान विज्ञानाकडं तरी ते राहतील. मातीखाली गेलेले कुणाच्याच कामाचे नाहीत."

हे इतकं बरोबर वाटत होतं! तुम्ही तिथं असता तर तुम्हीही मान हलवली असती. अक्कांनी हलवली.

अंधार पडत आला. मदतनिसांनी कंदील लावले. आता आवाज यायचे थांबले होते. डॉक्टरसाहेबांनी पिशव्यांकडं पाहिलं आणि विचारलं, "सगळी जागा पाहून झाली? की आणखी कुठं असतात?"

सुपारीच्या बागेच्या टोकाला, दगडी पाटाच्या मागं, वेलदोड्याची एक जाळी होती. खाली साचलेलं पाणी, वरून कुणाला दिसायचं नाही. अक्कांनीच ती शोधली होती, तिथं जाताना त्या मलासुद्धा मागं थांबवायच्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणतील.

"आहे," अक्का म्हणाल्या. "तिथं सगळ्यात मोठ्या माद्या असतात. चला, दाखवते."

आणि पदर खोचून कंदील घेऊन पुढं निघाल्या. विद्यार्थिनीसारख्या. जिला सगळं उत्तर येतं आणि एक ओळही सोडायची नाही अशी विद्यार्थिनी. अख्ख्या आयुष्यात त्यांना पहिल्यांदा कुणीतरी पूर्ण उत्तर विचारलं होतं.

डॉक्टरसाहेब पेट्या घेऊन गेले. पण त्यांनी शब्द पाळला. दिल्लीपर्यंत बोलले. थोड्याच महिन्यांत वरून कळलं की हुणसेकट्टे बुजवू नये. अण्णानंही आपलं वचन पाळलं. रस्ता वळवला, तळ्याभोवती कठडा आखला, चिंचेचं एक झाड पाडू दिलं नाही. म्हैसूरपाकाचा डबा घेऊन तो घरी आला. मी योगायोगानं तिथंच होते.

"अक्का, जिंकलीस!"

अक्का त्याच्याकडं बघत राहिल्या. मग डबा घेतला, एक तुकडा त्याच्या तोंडात घातला, एक माझ्या हातावर ठेवला. स्वतः खाल्ला नाही. पावसाळा यायचा होता अजून. त्या वेळी आमच्या दोघींच्याही मनात होतं की सगळे कसे पकडले जातील? एखादं झुडूप सुटलंच असेल.

पाऊस आला. आम्ही गेलो. तळं भरलं होतं, पानं वाकली होती, सावली जशीच्या तशी होती. खाली साधे बेडूक ओरडत होते. अक्कांनी कंगवा काढला आणि नख ओढलं. थांबल्या. पुन्हा ओढलं. मग तळ्याला फेरी मारून प्रत्येक झुडपापाशी तसंच केलं. मी मागं मागं चालत होते. कुठूनही उत्तर आलं नाही.

"उशीर असेल या वर्षी," मी म्हणाले.

"हौदा?" अक्का म्हणाल्या. म्हणजे, असं होय? इतकंच. पण ज्या आवाजात म्हणाल्या तो ऐकून मी पुन्हा असलं काही बोलले नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात तिथं बागेचं उद्घाटन झालं. मांडव, लाऊडस्पीकर, एक पुढारी. त्यांच्या भाषणात विज्ञान आलं, निसर्ग आला, भारतीय नारी आली. अक्कांना चंदनाचा हार घातला आणि दोन शब्द बोलायला लावलं. त्या माइकसमोर उभ्या राहिल्या. इस्त्रीची पांढरी साडी, गळ्यात तो हार.

"इल्ली कप्पे इल्ला," त्या म्हणाल्या. इथं बेडूक नाहीत.

मग पुढारी मोठ्यानं हसले, आणि त्यांच्या मागून सगळा मांडव हसला, आणि टाळ्या पडल्या. बाई किती विनोदी आहेत, असं माझ्या शेजारची बाई म्हणाली.

डॉक्टरसाहेबांचा निबंध छापून आला तो त्याच सुमाराला. बेडूक नवाच ठरला होता. त्याला त्यांनी आपल्या गुरूंचं नाव दिलं, एका इंग्रज गृहस्थांचं. पुरचुंडीचं वर्णन उत्तम होतं. शेवटी आभार होते. त्यात अक्का होत्या, 'स्थानिक सहकार्याबद्दल'. अक्कांनी तो लॅबमध्ये उभ्यानं वाचला आणि माझ्याकडं दिला.

"माझं इनिशियल चुकलंय," त्या म्हणाल्या.

मला संताप आला होता. मी म्हणाले, "अक्का, लिहा ना त्यांना! शोध तुमचा. आणि त्यांनी तिथलं सगळं ओरबाडून नेलं हेही लिहा. खाटकासारखं..."

"साकू." त्या स्टुलावर बसल्या. समोर मुलींनी अर्धवट सोडलेला ट्रे होता, तो त्यांनी बाजूला सारला. "त्यांनी नाही गं. त्यांना त्या पाटामागची जागा कशी कळली असती? मी दाखवली. हौसेनं दाखवली."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, तळं वाचेल म्हणून?"

"तेच तर. मी त्यांना बोलावलं ते तळं वाचावं म्हणून. आणि दाखवताना असं दाखवलं, की जसं ते बुजलंच आहे." "दोन्ही गोष्टी एकदम कशा खऱ्या मानल्या मी? तुला कळतं का?"

मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

एकदा जुलैत रजा काढून त्या मलनाडात गेल्या. कॉफीच्या मळ्यांतून भिजत फिरल्या. मूळ तिकडचाच असेल तर दोन जोड्या आणता येतील, असं त्यांच्या मनात होतं. पाय जळवांनी रक्ताळून आणि छातीत कफ भरून परत आल्या. हात रिकामे. त्या कफानं मग त्यांना सोडलं नाही.

शिकवणं मात्र चालू होतं. पोती येत होती, ट्रे लागत होते. फक्त त्या आता मुलींच्या मनगटावर बोटं ठेवीनाशा झाल्या. मुलगी म्हणायची, "मिस, हा अमका," आणि त्या म्हणायच्या, "सरी, बरोबर. लिही." नव्या मुलींना त्या कोरड्या वाटायच्या. मी त्यांना सांगायचा प्रयत्न करायची की पूर्वी असं नव्हतं. पूर्वी कसं होतं ते कुणाला सांगून कळतं?

त्या निवृत्त झाल्या तेव्हा अण्णानं जयनगरात घर बांधलं होतं. कुठं, ते तुमच्या लक्षात आलं असेल. बागेसमोर. कोपऱ्याचा प्लॉट त्यानं खटपट करून मिळवला आणि वरच्या मजल्यावर अक्कांसाठी खोली काढली. मोठी खिडकी, खाली सरळ तळं.

"अक्काला बिछान्यातून दिसेल," तो मला दाखवताना म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं समाधान होतं. "आयुष्यभर माझ्यासाठी खपली. म्हटलं, एवढं तरी करावं."

भावाच्या प्रेमावर बोट ठेवायचं कसं? त्या तिथं राहायला गेल्या. मी आठवड्यातून एकदा जायची. त्या नेहमी खिडकीकडं पाठ करून बसलेल्या असायच्या आणि खिडकी लावलेली असायची. वारा सोसत नाही, असं घरी सांगितलं होतं. कफामुळं ते सगळ्यांना पटलं होतं. आम्ही माझ्या मुलांविषयी बोलायचो, कॉलेजच्या भांडणांविषयी बोलायचो. बाहेर पाऊस वाढला की त्या रेडिओ लावायच्या. एकदा मी जायला उठले तेव्हा मला म्हणाल्या, "ते बेडूक मेले याचं एवढं नाही. मरतात. पण माझ्यामुळं मेले, आणि वर मला हार घातला. हे कुठं ठेवू सांग."

साठचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एका पावसाळ्यात त्या गेल्या. दुपारी निरोप आला. मी पोचले तेव्हा स्मशानातून सगळे परत आले होते. वरच्या खोलीत अण्णा एकटा पलंगाच्या कडेला बसला होता. गादी गुंडाळलेली होती. त्यानं मान वर केली आणि मला बसायला खुर्ची पुढं केली. मग तो म्हणाला, "आता मला पुट्टा कोण म्हणणार?" आणि ओक्साबोक्शी रडला. साठीकडं झुकलेला माणूस.

रडणं ओसरल्यावर तो उठला. खोलीत कोंदट होतं. त्यानं खिडकीची खिट्टी काढली, ती गंजून घट्ट बसली होती, दोन हातांनी ओढावी लागली. तावदान उघडलं आणि ओल्या मातीचा वास आत आला. संध्याकाळ होती. खाली तळ्यात डरावडराव चाललं होतं, मोठ्यानं, सगळीकडून.

अण्णा चौकटीला टेकून ऐकत राहिला. त्याचा चेहरा निवला.

"ऐकताय ना?" तो मला म्हणाला. "अक्काचे बेडूक."

ते साधे बेडूक होते. पोत्यानं मिळतात ते.

"हो," मी म्हणाले.